दुखायचं थांबलं तेव्हा

माझ्या हाताला गुण आहे, असं मी गावभर सांगत सुटले होते. खोटं कशाला बोलू, फुशारकीच होती ती. आमच्या यांचे पाय माझ्या शेकानं बरे झाले, हे मी क्लिनिकमध्ये सांगितलं, जिन्यात भेटेल त्याला सांगितलं, लेकीला फोनवर सांगितलं, आणि दूधवाल्यालाही सांगितलं. त्या बिचाऱ्याला पुढच्या घरी जायची घाई होती.

क्लिनिक म्हणजे फिजिओथेरपीचं. तिथं मी शेकाचं काम बघते. मागच्या खोलीत स्टीलची टाकी आहे, तिच्यातलं पाणी दिवसभर गरम असतं आणि त्यात निळ्या जेलचे पॅक बुडवून ठेवलेले असतात. पेशंट आला की चिमट्यानं पॅक उचलायचा, निथळायचा, टॉवेलात गुंडाळायचा, आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून बघायचा आणि मग त्याच्या मानेला, कंबरेला, गुडघ्याला, जिथं दुखणं असेल तिथं लावायचा. गार झाला की परत टाकीत. एकेक पॅक वर्षानुवर्षं चालतो. माणसंच त्याआधी झिजतात.

आमचे हे शहरातल्या बसवर ड्रायव्हर. डेपोत यांना कुणी नावानं हाक मारत नाही, सगळे 'लोणी' म्हणतात. कारण यांची गाडी थांबते ती कळतच नाही. उभा माणूस उभाच राहतो, झोपलेला झोपलेलाच राहतो, आणि पुष्कळदा त्याचा स्टॉप निघून जातो. त्यावरून यांनी शिव्याही खाल्ल्यात, आणि त्या शिव्या घरी येऊन मोठ्या कौतुकानं सांगितल्यात. घरात मात्र लोण्याचा पत्ता नाही. अडेलतट्टू माणूस.

थंडी सुरू झाली आणि यांचे पाय दुखायला लागले. आधी नुसत्या मुंग्या, मग टाचा ठणकायला लागल्या, मग बोटांत सुया टोचल्यासारखं व्हायला लागलं. साखर जुनीच होती. गोळ्यांची आठवण राहत नाही आणि गोडाचा विसर पडत नाही, असला यांचा कारभार. केबिनच्या दाराच्या फटीतून दिवसभर पायांवर गार वारा येतो, त्यानंच हे होतंय, असं यांनी स्वतःच ठरवून टाकलं. मलाही ते पटलं. पटायला सोपं होतं ना! वाऱ्यावर शेक हा उपाय माझ्या हातातला होता.

आमच्या डॉक्टरीणबाईंनी टाकीतला एक जुना पॅक मला घरी न्यायला दिला. संध्याकाळी हे आले की मी पातेल्यात पाणी तापवायचे, गॅस बंद करून पॅक त्यात सोडायचे आणि मग टॉवेलात गुंडाळून यांच्या पायांखाली द्यायचे. हे खुर्चीत मान टाकून डोळे मिटायचे. "स्वर्ग स्वर्ग म्हणतात तो हाच बघ," म्हणायचे. मी म्हणायचे, "स्वर्गात बसलाच आहात तर जरा लसूण सोलून द्या." मग स्वर्गातून घोरण्याचा आवाज यायचा.

थंडी ऐन भरात आली आणि दुखणं मात्र कमी व्हायला लागलं. मी रोज विचारायचे, आज कसंय? कालच्यापेक्षा बरं, असं उत्तर यायचं. आणि एक दिवस बूट काढता काढता म्हणाले, "आज काहीच दुखलं नाही गं." मला इतका आनंद झाला की मी यांच्या पायांवरून हात फिरवला आणि म्हटलं, बघा, आहे की नाही तुमची बायको गुणाची? हे माझ्याकडे बघत राहिले आणि हसले. त्या हसण्यात काही वेगळं होतं असं आता वाटतं, तेव्हा वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये माझी गाडी सुसाट सुटली. डॉक्टरीणबाई एकाचा खांदा फिरवत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "एकदम गेलं का हो दुखणं?"

"एकदम कसं जाईल? हळूहळू गेलं."

"साखर तपासून घ्या त्यांची. आणि एकदा इकडे आणा त्यांना."

मी बघू म्हटलं आणि टाकीकडे गेले. मनात म्हटलं, हिला मेलीला दोन शब्द कौतुकाचे बोलायला काय जातं!

दुखणं गेलं तरी शेक चालू राहिला, कारण पाय गार पडतात अशी यांची तक्रार होती. पण आता नवंच सुरू झालं. "आज नीट तापवला नाहीस का?" म्हणायचे. मी म्हणायचे, चांगला तापवलाय. "कोमट लागतोय." माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. सगळ्या शहराच्या कंबरा मी शेकते, आजवर एकानंही तोंड वाकडं केलं नाही, आणि घरचा माणूस म्हणतो कोमट! मग मीही इरेला पेटले. उद्या कालच्यापेक्षा जास्त तापवायचा, परवा त्याहून जास्त. टॉवेलाच्या घड्या कमी केल्या. तरी आपलं कोमट ते कोमटच.

क्लिनिकमध्ये नवीन पेशंट आला की आम्ही आधी एक परीक्षा घेतो. दोन नळ्या, एकीत गरम पाणी, एकीत गार. त्याला डोळे मिटायला सांगायचं, जिथं शेकायचं तिथं कधी ही टेकवायची, कधी ती, आणि विचारायचं, गरम की गार? ज्याला नीट सांगता येत नाही त्याला शेक नाही. ही परीक्षा मी इतक्यांची घेतली असेल की गणती नाही. पण घरच्या माणसाची कोण परीक्षा घेतं? तो कोमट म्हणाला म्हणजे कोमट, असंच धरून चालतो आपण.

त्या दिवशी यांची सुट्टी होती. सकाळची वेळ, बाहेर आभाळ भरून आलेलं, घरात दिवा लावावा लागला होता. मी पॅक पातेल्यात टाकला आणि लेकीचा फोन आला. तिच्या सासूबाईंचं पुराण संपेपर्यंत गॅस चालूच राहिला. धावत जाऊन पॅक काढला, हाताला लागला तो एकच पातळ टॉवेल त्याला गुंडाळला आणि यांच्यासमोर पाटावर ठेवला. म्हटलं, "पाय ठेवू नका हां, फार तापलाय. दुसरा टॉवेल आणते." टॉवेल वाळत होता गॅलरीत. तिथं शेजारीण भेटली. शेजारीण भेटल्यावर काय होतं ते सांगायला नको.

परत आले तर हे दोन्ही पाय पॅकवर सपाट टेकून पेपर वाचत बसलेले. चेहऱ्यावर समाधान. मी टॉवेल सरकवायला हात घातला आणि किंचाळलेच. बोटं भाजली माझी.

"अहो, पाय उचला! उचला आधी!"

"का गं? आत्ता कुठं जरा बरं वाटायला लागलंय."

मीच पाय धरून उचलले. तळवे लालबुंद झाले होते, आणि टाचेपासून मधल्या खळग्यापर्यंत पांढरा फोड फुगत चालला होता, माझ्या डोळ्यांदेखत. हे वाकून माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. पायाकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे. काय झालंय ते यांना त्यावरून समजून घ्यावं लागत होतं.

मी बादलीत गार पाणी आणलं, त्यात पाय सोडायला लावले. माझं तोंड चालूच होतं. काय बोलत होते ते आठवत नाही, रागावतच असणार. मग पाय पुसले आणि स्वयंपाकघरातून दोन स्टीलचे पेले आणले. एकात गरम पाणी, एकात गार. म्हटलं, डोळे मिटा.

"आता हे काय नवीन?"

"मिटा म्हणते ना!"

यांनी मिटले. पायाच्या वरच्या बाजूला, जिथं भाजलं नव्हतं तिथं, मी गरम पेला टेकवला. "गरम," म्हणाले. गार टेकवला. "गार." परत गार. "गारच." मग गरम. "गरम." सगळी उत्तरं बरोबर! माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. म्हटलं, चला, फोडाची जागा तेवढी बधिर झाली असेल. मी खाली मान घालून हसलेसुद्धा.

पण माझ्या लक्षात आलं, गरम पेला मी फडक्यानं धरते आहे आणि गार नुसत्या हातानं. आणि यांच्या पापण्या पूर्ण मिटलेल्या नाहीत. एवढा मोठा माणूस, पोरं परीक्षेत करतात तशी चोरी करत होता. मी दोन्ही पेले जमिनीवर ठेवले. फडकं घेतलं आणि यांच्या डोळ्यांवर बांधलं. यांनी विरोध केला नाही. मग मी विचारलं, "हं, आता सांगा?"

हे जरा थांबले. "गरम," म्हणाले.

मी काहीच टेकवलं नव्हतं.

"आता?"

"गार. हो ना? गारच आहे."

फडकं मी सोडलं नाही, यांनीच सोडलं. जमिनीवरचे पेले बघितले. खिडकीच्या काचेवर बाहेरच्या धुक्याचं पाणी जमलं होतं, ते खाली ओघळत होतं, आणि मी तिकडेच बघत बसले, कारण यांच्याकडे बघायचा धीर होईना.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दुखायचं कमी झालं ना, तेव्हापासूनच. दुखणं गेलं तसं बाकीचंही गेलं. कापसावर चालल्यासारखं वाटतं."

"मग बोलला का नाहीत? मी रोज विचारत होते!"

"तू विचारायचीस दुखतंय का. ते नव्हतंच दुखत." जरा वेळानं म्हणाले, "आणि तू केवढी खूश होतीस गं. जिन्यातल्या माणसांना धरून धरून सांगत होतीस. काय बोलणार मी?"

मला रडू फुटलं. राग यांचा येत होता की स्वतःचा, सांगता येत नाही. ज्या दिवसांत मी लोकांना माझे हात दाखवत फिरत होते, त्याच दिवसांत हा माणूस पाय हरवून बसला होता. आणि हे तोंड मिटून बसले होते, माझ्या आनंदावर पाणी पडू नये म्हणून. असल्या प्रेमाला काय करायचं, जाळायचं?

डॉक्टरीणबाईंनी फोड साफ केला, पट्टी बांधली. मग यांना डोळे मिटायला लावून पायाचा अंगठा दोन बोटांत धरून वाकवला आणि विचारलं, वर की खाली? यांनी वर म्हटलं. खाली होता. चारपाच वेळा असंच झालं. बाई रागावल्या नाहीत, कुणालाच काही बोलल्या नाहीत. स्टूल ओढून आमच्यासमोर बसल्या.

"दुखणं गेलं म्हणजे पाय बरे झाले असं नाही हो. पायाची खबर डोक्याला पोचवणाऱ्या नसा असतात, त्या साखरेनं खराब झाल्यात. खबरच येत नाही, म्हणून दुखत नाही."

"परत येईल ना पण?" मी विचारलं.

"साखर सांभाळली तर उरलंय ते राहील. गेलेलं परत येईल असं मी सांगू शकत नाही."

"आणि गाडी?"

यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी यांच्या ताटातलं काढून घेतलंय.

"गाडी नाही चालवायची," बाई म्हणाल्या. "पाय कुठं आहे ते बघितल्याशिवाय यांना कळत नाही. डेपोतल्या साहेबांना सांगा, दुसरं काम देतील. मोठ्या डॉक्टरांना दाखवून घ्या, पण तोवर गाडी नाही."

हे वाकून बुटाची नाडी बांधत होते. गाठ बसली की नाही ते बोटांनी दोनदा चाचपून बघितलं.

फोड सुकेपर्यंत हे घरी होते. ते दिवस नको वाटतात. खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायचे आणि खालून यांच्याच मार्गावरची बस गेली की सांगायचे, ब्रेक जोरात मारला, क्लच जाळतोय मेला, याला कुणी लायसन दिलं! जेवण समोर ठेवलं की जेवायचे, उठा म्हटलं की उठायचे. मी गोडाचा डबा वरच्या फळीवर ठेवला होता, त्याच्याकडेही बघेनात. एकदा म्हणाले, "माणूस कामावर असतो तोवर माणूस. घरी बसला की सामान. आज इथं ठेवा, उद्या तिथं." मी म्हटलं, काहीतरी बोलू नका.

आणि एक दिवस सकाळी बघते तर हे खाकी चढवून तयार.

"कुठं निघालात?"

"कामावर. पट्टी सुटली, आता काय?"

"बाई काय म्हणाल्या ते कानात शिरलं नाही का?"

"बाईंना गाडीतलं काय कळतं? अगं, पाय माझा आपोआप जातो. इतकी वर्षं जातोय. झोपेतसुद्धा बरोबर जाईल."

"मला झोपेत नकोय, जागेपणी हवाय. तुमच्या मागं गाडीभर माणसं बसलेली असतात."

"आजवर कुणाला ओरखडा आलाय का माझ्या गाडीत? सांग, आलाय?"

"पाय होते तेव्हा नाही आला."

हे मग डबा उचलत म्हणाले, "सांगेन मी साहेबांना. सावकाश सांगेन. ड्रायव्हरांची डॉक्टरी तपासणी येईलच."

"तपासणीत डोळे बघतात आणि बीपी बघतात. पाय कोण बघतं?"

"तेच तर," म्हणाले आणि चक्क हसले. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. मी क्लिनिकला फोन करून सांगितलं, आज येत नाही. चपला घातल्या.

"तू कुठं?"

"तुमच्या गाडीत. तिकीट काढून बसणार आहे, उपकार नकोत."

दाराजवळच्या पहिल्या सीटवर बसलं की ड्रायव्हरचा अर्धा देह दिसतो. मी तिथं बसले. कंडक्टर यांचा जुना जोडीदार, आवाज एवढा मोठा की त्याला सगळे भोंगा म्हणतात. "अरे वा, वहिनी! आज तपासनीस घरूनच आणलाय की काय लोण्यानं?" असं ओरडून त्यानं मला तिकीट दिलं. गाडी निघाली. बाहेर सगळं करडं होतं, रस्ता, इमारती, माणसांचे कोट. काचा आतून धुरकटल्या होत्या.

पहिला स्टॉप आला तेव्हा मी यांच्या पायांकडे बघत होते. पाय बरोबर ब्रेकवर गेला. मला बरं वाटलं. दुसऱ्या स्टॉपलाही गेला. मग माझ्या लक्षात आलं की मी चुकीच्या ठिकाणी बघतेय. मी मान वर केली आणि यांचे डोळे बघितले. स्टॉप जवळ आला की यांची नजर रस्त्यावरून सुटायची आणि खाली जायची, पाय कुठं आहे ते बघायची, त्याला ब्रेकवर नेऊन ठेवायची, आणि मग वर यायची. तेवढा वेळ ती सगळी गाडी, ती सगळी माणसं, कुणीही न बघता पुढं जात होती.

प्रत्येक स्टॉपला तेच. सिग्नलला तेच. मी समोरच्या दांड्याला असं धरलं होतं, जणू गाडी मीच थांबवणार आहे. बाजारापाशी एक म्हातारबाबा काठी टेकत रस्त्यात उतरले. यांची नजर तेव्हा खाली होती. मी "अहो!" म्हणून ओरडले. गाडी कचकन थांबली, उभी माणसं एकमेकांवर आदळली, कुणाची तरी पिशवी पडून कांदे सीटखाली पळाले. म्हातारबाबांनी आमच्याकडे बघितलंही नाही, आपले टुकुटुकु पलीकडे गेले.

"काय रे," भोंगा मागून ओरडला, "थंडीनं लोणी कडक झालं का?"

लोक हसले. हेही हसले. आरशात मला यांचं कपाळ दिसत होतं, त्यावर घाम होता. एवढ्या थंडीत.

डेपोत गाडी लागली तशी मी उतरले ती सरळ साहेबांच्या खोलीत. साहेब चहा पीत होते. बसा वहिनी म्हणाले, चहा मागवू का म्हणाले. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. भाजलेलं सांगितलं, बाई काय म्हणाल्या ते सांगितलं, म्हातारबाबा सांगितले. हे माझ्या मागोमाग येऊन दारात उभे होते.

साहेबांनी यांच्याकडे बघितलं. "काय रे, वहिनी काय म्हणतायत?"

"शेकताना भाजलं होतं जरा," हे म्हणाले. "तेव्हापासून घाबरलीय ती. बायकांचं माहितीये ना साहेब."

मला वाटलं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसानं मला कुणासमोर खोटं पाडलं नव्हतं.

"वहिनी, असं करू," साहेब समजुतीनं म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो. "पुढच्या आठवड्यात याला डॉक्टरांकडे पाठवतो. आत्ता माझ्याकडे दुसरा ड्रायव्हर नाही. गाडी भरलीय, सुटायची वेळ झालीय. एवढी फेरी होऊ द्या. लोण्याच्या हातची गाडी आहे, काही होत नाही."

"हातची नाही हो, पायाची आहे गाडी!" मी ओरडले. पण हे तोवर वळून गेलेसुद्धा होते.

मी बाहेर आले. हे केबिनमध्ये चढून बसले होते. गाडीत माणसं दाटीवाटीनं बसलेली, एका बाईच्या मांडीवर लोकरीची टोपी घातलेलं मूल काचेवर बोटानं रेघा काढत होतं. मी काही ठरवलं नव्हतं. खरंच नव्हतं. मी चालत गेले आणि गाडीच्या बरोबर समोर उभी राहिले.

यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बाजूला हो. तमाशा करू नकोस."

"तमाशाच करायचा असता तर घरीच केला असता. तुमचा पाय तुमचं ऐकतो ना? मग या पुढं. हळूच या आणि माझ्यासमोर येऊन थांबा. पण खाली बघायचं नाही. माझ्याकडे बघायचं. थांबली गाडी, तर मी जन्मात परत या विषयावर तोंड उघडणार नाही."

"वेड लागलंय का तुला?"

"लागलंय. या."

माणसं गोळा झाली. वर्कशॉपमधले मेकॅनिक हात पुसत आले, साहेब चहाचा कप हातात घेऊनच पळत आले. "वहिनी, बाजूला व्हा बघू," म्हणत कुणीतरी माझा दंड धरला, मी तो झिडकारला. "त्यांना विचारा!" मी म्हटलं. "त्यांना येतं ना थांबवता? मग मला काय भीती?"

भीती वाटत होती. यांनी खरंच गाडी पुढं आणली असती तर मी तिथं उभी राहिले असते की पळाले असते, देव जाणे.

यांनी डोकं आत घेतलं. इंजिन सुरू केलं. काचेतून मला यांचा चेहरा स्वच्छ दिसत होता. जबडा आवळलेला, नजर थेट माझ्या डोळ्यांत. खाली बघत नव्हते. मी सांगितलं म्हणून बघत नव्हते, आणि सगळा डेपो बघत होता म्हणून बघत नव्हते. यांचा खांदा जरासा हलला, गुडघा उचलला गेला, आणि यांनी पाय दाबला.

इंजिन गरजलं.

एवढ्या जोरात गरजलं की मेकॅनिक मागं सरले. गाडी जागेवरच थडथडत होती, मागून काळा धूर निघाला, आणि आवाज वाढतच गेला. यांच्या चेहऱ्यावर मला आधी नुसतं आश्चर्य दिसलं. कुठून येतोय हा आवाज, असं. मग यांनी आणखी दाबलं, थांबवायला म्हणून, आणि इंजिन आणखी ओरडलं. तेव्हा यांची नजर खाली गेली. आणि तिथंच राहिली, ॲक्सिलरेटरवरच्या पायावर.

आवाज बसला. मग यांनी इंजिन बंद केलं. डेपोत इतकी शांतता झाली की गाडीतलं ते मूल रडतंय हे मला काचेबाहेर ऐकू आलं. भोंगा, ज्याचा आवाज चार गल्ल्या पलीकडे जातो, तो हळू आवाजात एकेका प्रवाशाला सांगत होता, उतरा हो, दुसरी गाडी येईल, सावकाश उतरा.

हे कितीतरी वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मग दार उघडलं आणि उलटं वळून, दांड्याला धरून उतरायला लागले. प्रत्येक पायरीवर वाकून बघत होते, पाय टेकला का, नीट टेकला का. सगळ्यांसमोर बघत होते. लपवायचं आता काही राहिलं नव्हतं. खाली उतरल्यावर दोन पावलं आले आणि माझा खांदा धरला. मला वाटलं, शिव्या देतील. द्याव्यात असंही वाटलं.

"ब्रेकवर होता गं माझा पाय," हे म्हणाले. "तुझ्याकडे बघत होतो. मला वाटलं, ब्रेकवरच आहे."

"हो. चला आता घरी."

"नाही, तू ऐक." यांनी माझा खांदा इतका घट्ट धरला की कळ आली. "तू हलणार नाहीस हे माहीत होतं मला. तुला दाखवायचं होतं. पाय दाबून धरला होता, आणि हात गिअरवर होता. मी गिअर टाकणारच होतो."